पस्तीस मिनिटांचा समाज

नव्या अभ्यासक्रमाचा विषय शिक्षकांसमोर निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पेपर कसा येणार? प्रशिक्षणाच्या सभागृहात पडद्यावर ‘क्षमता’, ‘समग्र विकास’, ‘एकात्मिक दृष्टी’ असे शब्द सरकत असतात आणि मागच्या रांगेतून हा प्रश्न येतो. व्यासपीठावरच्या मंडळींना तो कोता वाटतो. शिक्षकांची नजर परीक्षेपलीकडे जातच नाही, असा शेरा चहाच्या वेळी कानावर पडतो. सामाजिक शास्त्रं शिकवणाऱ्या शिक्षकांशी गेलं वर्षभर बोलल्यावर मला हा शेरा अन्यायाचा वाटू लागला आहे. तुम्ही मला जे शिकवायला सांगताय त्याला तुमच्या लेखी किती किंमत आहे, हे त्या शिक्षकाला जाणून घ्यायचं असतं. शाळेच्या जगात ती किंमत गुणांतच मोजली जाते. ही मोजपट्टी काही शिक्षकानं तयार केलेली नाही.

आधी काय बदलतंय ते पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला 29 जुलै 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. त्यावर आधारित शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा डॉ. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं तयार केला आणि तो 2023 मध्ये आला. तिसरी ते पाचवीत इतिहास, भूगोल असे कप्पे न करता मुलाच्या सभोवतालचं जग हाच विषय. सहावी ते आठवीत सगळी सामाजिक शास्त्रं एका सूत्रात. नववीपासून पुन्हा विद्याशाखा वेगळ्या, अशी त्याची मांडणी आहे. महाराष्ट्रानं त्यावरून राज्याचा आराखडा केला. 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयात अंमलबजावणीचं वेळापत्रक आलं: 2025-26 मध्ये पहिली, 2026-27 मध्ये दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, 2027-28 मध्ये पाचवी, सातवी, नववी, अकरावी, आणि 2028-29 मध्ये आठवी, दहावी, बारावी. तिसरी ते दहावीच्या अभ्यासक्रमाचा मसुदा 2025 च्या जुलैअखेरीस जाहीर झाला आणि हरकती-सूचनांसाठी महिनाभराची मुदत मिळाली.

तो महिना ऑगस्टचा होता. ज्यांना शाळेचं वर्ष ठाऊक आहे, त्यांना यातली अडचण सांगावी लागणार नाही. पायाभूत चाचणी, तिच्या गुणांची ऑनलाइन नोंद, स्वातंत्र्यदिनाची तयारी, श्रावणातल्या सुट्ट्या, आणि महिना सरताना गणपती. अनेक शिक्षकांनी मसुदा मोबाइलच्या पडद्यावर वाचला. त्यातही आपल्या वर्गाची आणि आपल्या विषयाची पानं तेवढीच. सांगलीकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका बाईंनी मात्र रात्री जागून सगळा मसुदा वाचला. त्यांचं म्हणणं असं, की यात वाईट फारसं काही नाही. जे चांगलं आहे ते आम्ही करतो तेव्हा आम्हाला कोणी बघत नाही, आणि करत नाही तेव्हा कोणी विचारत नाही, हे खरं दुखणं आहे.

बाई म्हणाल्या ते तपासून पाहण्याजोगं आहे. आपल्या राज्यात मुलांच्या कोणत्या शिकण्याची मोजदाद होते? मुलांना नियतकालिक मूल्यांकन चाचणी द्यावी लागते, तिचे विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. शिष्यवृत्ती परीक्षेत भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. ‘निपुण भारत’चा भर वाचन आणि संख्याज्ञानावर. तालुक्याच्या आढावा बैठकीत मुख्याध्यापकांना विचारलं जातं ते याच आकड्यांबद्दल. सामाजिक शास्त्राची आठवण होते ती आठवीच्या एनएमएमएस परीक्षेच्या वेळी. तिथे शालेय क्षमता चाचणीच्या 90 गुणांपैकी 35 या विषयाला आहेत, आणि पात्र ठरलेल्या गरीब घरच्या मुलाला वर्षाला 12,000 रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. त्यामुळे ज्या शाळा एनएमएमएसची तयारी मनापासून करून घेतात तिथे आठवीच्या इतिहास-भूगोलाला एकदम भाव येतो, तोही बहुपर्यायी प्रश्नांच्या सरावापुरता. त्यानंतर हा विषय ठळकपणे दिसतो तो थेट दहावीच्या बोर्डात: इतिहास-राज्यशास्त्राला 40, भूगोलाला 40 आणि अंतर्गत मूल्यमापनाला 20.

मधल्या सगळ्या वर्षांत वेळापत्रकात या विषयाची जागा बहुधा जेवणाच्या सुट्टीनंतर असते. तासिका पस्तीस मिनिटांची. त्यातली पाच मिनिटं मुलं हात धुऊन वर्गात येईपर्यंत जातात. गणिताचे शिक्षक रजेवर असले, स्नेहसंमेलनाची तालीम असली, कुठली माहिती तातडीनं भरायची असली, की पहिली जाते ती हीच तासिका. नव्या आराखड्यानं मुलांकडून पुराव्यावरून तर्क करण्याची, नकाशावरून प्रश्न विचारण्याची, गावच्या माणसांशी बोलून माहिती गोळा करण्याची अपेक्षा ठेवली आहे. अपेक्षा योग्यच आहे. एवढं सगळं उरलेल्या तीस मिनिटांत कसं बसवायचं, याचं उत्तर मात्र प्रशिक्षणातून मिळत नाही असं शिक्षक सांगतात.

सीबीएसईच्या शाळांतले शिक्षक या वाटेवर दोन वर्षं पुढे आहेत, म्हणून त्यांचं ऐकायला हवं. एनसीईआरटीचं सहावीचं नवं पुस्तक ‘एक्स्प्लोरिंग सोसायटी: इंडिया अँड बियाँड’ 2024 मध्ये आलं. मिशेल दानिनो यांच्या नेतृत्वाखालच्या गटानं ते तयार केलं. आधी इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्राची तीन स्वतंत्र पुस्तकं होती. त्यांच्या जागी पाच सूत्रांत गुंफलेले 14 पाठ आले. वर्ष एप्रिलमध्ये सुरू झालं आणि पुस्तक जुलैत हातात पडलं. मधल्या काळासाठी एनसीईआरटीनं महिनाभराचा सेतू अभ्यासक्रम दिला होता. पुढच्या वर्षी आठवीच्या पुस्तकाचा पहिला भागही जुलैतच आला. ठाण्याच्या एका शाळेतल्या मॅडमना पुस्तकाच्या आशयापेक्षा या उशिराचा त्रास अधिक झाला. पुस्तक समोर नसताना वार्षिक नियोजन लिहून द्यायचं, पालकसभेत उत्तरं द्यायची आणि पुस्तक आलं की ते मुलांच्या बरोबरीनं पहिल्यांदा वाचायचं, हे त्यांना अपमानास्पद वाटलं. त्यांनी हाच शब्द वापरला आणि मला तो जास्तीचा वाटत नाही.

पुस्तकाबद्दल मात्र त्या भरभरून बोलल्या. स्थानिक शासनावरचे तीन पाठ त्यांना सगळ्यांत आवडले. ग्रामपंचायतीच्या पाठात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे पोपटराव पवार भेटतात आणि सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळचे तृतीयपंथी सरपंच ज्ञानेश्वर कांबळेही भेटतात. ठाण्यातल्या उंच इमारतीत राहणारी मुलं सरपंच हा शब्द सिनेमातून ऐकून आलेली. पाण्याचा ताळेबंद गावानं मांडायचा, कोणतं पीक घ्यायचं हे उपलब्ध पाण्यावरून ग्रामसभेत ठरवायचं, ही कल्पना त्यांना नवीन होती. एका मुलीनं घरी जाऊन आपल्या सोसायटीच्या टँकरचा हिशोब वडिलांकडून मागून आणला. त्या दिवशीची तासिका मॅडमनी तशीच पुढच्या तासात वाहू दिली. शेजारच्या वर्गावरच्या शिक्षिकेनं आपला तास सोडला म्हणूनच हे जमलं, हे सांगायला त्या विसरल्या नाहीत.

त्यांची तक्रार इतिहासाच्या क्रमाबद्दल आहे. सातवीच्या नव्या पुस्तकाच्या पहिल्या भागात दिल्लीची सुलतानशाही आणि मुघल नाहीत. ते आठवीत आले आहेत, आणि आठवीच्या त्याच भागात मराठ्यांचा उदय आणि वसाहतकाळही आहे. यावर वर्तमानपत्रांत झालेला वाद राजकीय होता: कोणाला किती पानं, कोणाला कोणती विशेषणं. वर्गातला प्रश्न वेगळा आहे. तेराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा काळ एका वर्षात, आणि त्याच वर्षी संसद, सार्वत्रिक मताधिकार, उत्पादनाचे घटक. तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात या घटनांची एक ओळ लागायला हवी ती लागत नाही. बाबर, शिवाजी महाराज आणि प्लासीची लढाई यांच्यामधलं अंतर किती, हे मुलांना उमगत नाही. मला ही तक्रार वादात ऐकलेल्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा वजनदार वाटते.

मराठ्यांवरचा आठवीतला स्वतंत्र पाठ ही महाराष्ट्रातल्या शिक्षकांना सुखावणारी गोष्ट आहे. दिल्लीत तयार होणाऱ्या पुस्तकांत आपला इतिहास दोन ओळींत उरकतात, ही सल इथे जुनी होती. नव्या पाठात ताराबाई आहेत, कान्होजी आंग्रे आहेत, अहिल्याबाई होळकर आहेत. पण याच पाठातल्या 1759 च्या मराठा साम्राज्याच्या नकाशात जैसलमेर दाखवल्यावरून 2025 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पूर्वीच्या राजघराण्यानं आक्षेप घेतला आणि एनसीईआरटीला आक्षेप तपासायला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. ठाण्याच्या त्या मॅडमनी ही बातमी वर्गात नेली. नकाशा कोण काढतं, कशावरून काढतं, चौथाई भरणारा प्रदेश आणि थेट अंमलाखालचा प्रदेश एकाच रंगात रंगवावा का, हे प्रश्न मुलांनीच काढले. इतिहासाचा याहून चांगला तास क्वचितच होत असेल. तो तास कुठल्याही नियोजनात लिहिलेला नव्हता.

आता आपल्या मराठी शाळांकडे येतो. महाराष्ट्रात सामाजिक शास्त्राचं एकात्मिक शिक्षण काही दिल्लीहून प्रथमच येत नाही. बालभारतीचा ‘परिसर अभ्यास’ प्राथमिक वर्गांत कित्येक वर्षं शिकवला जातो आहे. तिसरीचं त्याचं पुस्तक तर जिल्ह्यागणिक वेगळं आहे. रत्नागिरीच्या मुलाला रत्नागिरी, गडचिरोलीच्या मुलाला गडचिरोली. देशात इतक्या मोठ्या प्रमाणावर असा प्रयोग फार थोड्या ठिकाणी झाला असेल, आणि त्याचं कौतुक आपण पुरेसं केलेलं नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केलं. बाजार, सण, शेत, कारागीर यांच्याभोवती सगळे विषय ओवून मुलं शिकू शकतात, हे त्यांनी तिथे दाखवलं आणि त्याबद्दल सातत्यानं लिहिलं. त्या परंपरेत तयार झालेले शिक्षक आजही सरकारी शाळांत आहेत. नव्या आराखड्यातलं ‘अनुभवाधारित अध्ययन’ त्यांना परकं नाही.

दहावीची सध्याची, 2018 मध्ये आलेली पुस्तकंही पारंपरिक नाहीत. इतिहासाच्या पुस्तकात राजे आणि लढाया नाहीत; इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमं, मनोरंजन, खेळ, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन असे पाठ आहेत. भूगोलात भारत आणि ब्राझील यांची सगळ्या अंगांनी तुलना आहे, आणि पुस्तकाची सुरुवातच क्षेत्रभेटीनं होते. ही पुस्तकं आली तेव्हा शिक्षक नाराज झाले होते. ब्राझील कशाला, असं बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेतले सर तेव्हा म्हणत असत. आज ते या पुस्तकाचे खंदे समर्थक आहेत. ॲमेझॉनचं खोरं आणि गंगेचं खोरं शेजारी ठेवल्यावर मुलांना आपला देश प्रथमच बाहेरून दिसतो, असा त्यांचा अनुभव आहे. हा पालट यायला त्यांना चार वर्षं लागली आणि त्यात कोणत्याही प्रशिक्षणाचा वाटा नव्हता. वर्षामागून वर्ष तेच पुस्तक शिकवताना त्यांना त्यातली नस सापडली.

मी या सरांशी बराच वेळ बोललो, कारण त्यांच्या बोलण्यात नव्या अभ्यासक्रमाविषयीची शिक्षकांची सगळी उलघाल होती. त्यांची क्षेत्रभेट गेल्या काही वर्षांत कुठेच गेलेली नाही. मुलं क्षेत्रभेटीचा अहवाल लिहितात. तो मार्गदर्शकातून उतरवतात. सरांना हे ठाऊक आहे आणि ते अहवालाला गुण देतात. एस.टी.ची गाडी आरक्षित करायची तर पालकांकडून पैसे गोळा करावे लागतात, आणि दुष्काळी वर्षात ते मागवत नाहीत. परवानगीसाठी संमतिपत्रं, पत्रव्यवहार, वरिष्ठांच्या सह्या. कुठे अपघात झाला तर जबाबदारी एकट्या शिक्षकाची. मुलांना घेऊन शाळेपासून दोन किलोमीटरवरच्या बंधाऱ्यापर्यंत चालत जावं, तर वेळापत्रकातल्या तीन तासिका सलग हव्यात आणि त्या मागायच्या गणित आणि इंग्रजीच्या शिक्षकांकडून. एवढ्या साऱ्या अडथळ्यांपुढे मार्गदर्शकातला अहवाल सोपा ठरतो. नव्या अभ्यासक्रमातले उपक्रमही असेच कागदावर पार पडतील, ही त्यांची भीती आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय 20 ऑगस्ट 2010 चा. त्यातून आलेल्या वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात कशा मिळू लागल्या आणि त्यातली वाक्यं मुलांच्या नावापुढे कशी उतरवली गेली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. आता समग्र प्रगतिपत्रक येतं आहे.

शिक्षक बदलाला विरोध करतात, असं सहज बोललं जातं. या राज्यातल्या शिक्षकानं गेल्या काही वर्षांत किती बदल येऊन गेलेले पाहिले, ते आठवावं. 2023-24 मध्ये पाठ्यपुस्तकांतच वहीची पानं घातली आणि पुस्तकं चार भागांत विभागली. दप्तराचं ओझं कमी होईल असं सांगितलं. 2025-26 पासून ती पानं बंद करण्याचा निर्णय झाला. पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचे आदेश आले आणि 29 जून 2025 रोजी मागे घेतले गेले. अशा राज्यात एखाद्या शिक्षकानं नव्या अभ्यासक्रमाच्या बाबतीत दोन वर्षं थांबून बघू असं ठरवलं, तर त्याला आळशी म्हणवत नाही.

चौथीच्या शिक्षकांची चिंता वेगळीच आणि हळवी आहे. शिवछत्रपतींचा इतिहास चौथीत, हे महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांचं ठरलेलं वर्ष. घरात आजीनं ते पुस्तक वाचलेलं असतं, बापानं वाचलेलं असतं. राष्ट्रीय आराखड्यात तिसरी ते पाचवीत इतिहास असा वेगळा विषयच नाही. मग आमच्या पुस्तकाचं काय होणार, असं अनेक बाई आणि गुरुजी विचारतात. त्यांचा आग्रह केवळ अस्मितेचा आहे असं कोणी समजू नये. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला काळाची जाण गोष्टीतून येते. एकाच माणसाचं आयुष्य जन्मापासून राज्याभिषेकापर्यंत वर्षभर ऐकताना आधी काय, नंतर काय, कशामुळे काय हे मुलाला पहिल्यांदा उमगतं. पुणे जिल्ह्यातल्या एका गुरुजींनी मला त्यांच्या चौथीच्या मुलांनी भिंतीवर काढलेली कालरेषा दाखवली: खाली महाराजांच्या आयुष्यातली वर्षं, वर मुलांच्या स्वतःच्या घरातली माणसं कधी जन्मली ती वर्षं. दोन्हींच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून एका मुलानं तिथे कोण होतं असं विचारलं होतं. सभोवतालचं जग शिकवणाऱ्या नव्या पुस्तकात अशा एका सलग गोष्टीला जागा राहिली, तर दोन्ही हेतू साधतील. मला वाटतं ती जागा ठेवायलाच हवी.

गुरुजी आणि बीडचे सर दोघंही एका गोष्टीवर आवाज खाली करून बोलले. 2025 च्या फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट आला आणि मुलं वर्गात पेटून यायला लागली. मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात हिंसाचार झाला. त्या दिवसांत सातवीला इतिहास शिकवणं म्हणजे जोखीम होती. वर्गात मुस्लिम मुलं असतात. चित्रपटातलं सगळं खरं का, असं एका मुलीनं विचारलं तेव्हा सरांनी हो किंवा नाही म्हटलं नाही. सभासद बखर कोणी, कोणाच्या सांगण्यावरून, कुठे बसून लिहिली हे त्यांनी सांगितलं. राजाराम महाराज जिंजीत असतानाचा तो काळ समजावला. बखर, पत्रं आणि फारसी कागद हे तिन्ही शेजारी ठेवून इतिहासकार काय करतो हे फळ्यावर मांडलं. नवा अभ्यासक्रम ज्याला पुराव्यावर आधारित विचार म्हणतो तो नेमका हाच. पण दुसऱ्या दिवशी एक पालक शाळेत आले आणि सरांनी असं काय शिकवलं याची चौकशी झाली. मुख्याध्यापक सरांच्या पाठीशी उभे राहिले म्हणून विषय तिथेच थांबला.

हे भय निराधार नाही. पाठ्यपुस्तकांवरच्या रागाची झळ पुण्यानं अनुभवली आहे. एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या एका जुन्या व्यंगचित्रावरून 2012 च्या मे महिन्यात वादळ उठलं तेव्हा पुस्तकाचे एक सल्लागार प्रा. सुहास पळशीकर यांच्या विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली होती. पुढे त्याच पुस्तकांतले मजकूर गाळले गेल्यावर त्यांनी आणि योगेंद्र यादव यांनी 2023 मध्ये आपली नावं काढून टाकण्याची मागणी केली. 2024 मध्ये राज्य आराखड्याचा मसुदा आला तेव्हा मनुस्मृतीच्या उल्लेखावरून आंदोलनं झाली. हे सगळं शिक्षकांच्या खोलीत वाचलं जातं. पुस्तक लिहिणाऱ्या नामवंतांची ही गत, तर गावातल्या शिक्षकाला कोण विचारतो? मुलांना प्रश्न विचारायला शिकवा, असं आराखडा सांगतो. प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या शिक्षकामागे खातं उभं राहील असं वाक्य मात्र शिक्षकांना त्यात हवं आहे, आणि ते मागण्याचा त्यांना हक्क आहे.

शिकवणार कोण, हाही प्रश्न आहेच. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक सांगितला आहे. प्रत्यक्षात डोंगरकपारीतल्या लहान शाळेत एकच शिक्षक हे सगळं पाहतो. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निर्णयानं सहावी ते आठवीत 20 पेक्षा कमी पट असलेल्या शाळांतली विषयशिक्षकांची पदं धोक्यात आली, म्हणून संघटना रस्त्यावर उतरल्या. त्यातच सर्वोच्च न्यायालयानं 1 सप्टेंबर 2025 रोजी, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. सांगलीच्या त्या बाई पंचेचाळिशीच्या आहेत. दिवसा त्या सहावीला पंचायत राज शिकवतात आणि रात्री टीईटीच्या दुसऱ्या पेपरमधल्या सामाजिक शास्त्राच्या 60 गुणांची तयारी करतात. त्या मतदान केंद्रस्तरीय अधिकारीही आहेत. मतदार यादीसाठी दारोदार फिरताना गावाची जी माहिती त्यांना झाली, कोणत्या वस्तीतली घरं रिकामी झाली, कोण ऊसतोडीला गेलं, कोणत्या सुनेचं नाव अजून माहेरच्या यादीत आहे, ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. पुढे जनगणनेचं काम येईल, तिचा संदर्भदिन 1 मार्च 2027 ठरला आहे. गावाचा समाज इतका जवळून पाहणारं दुसरं सरकारी माणूस क्वचितच असेल. शिक्षकांची ही कामं शिकवण्याच्या वेळेतून जातात, हे खरंच आहे. पण अभ्यासक्रम करणाऱ्यांनी या शिक्षकांकडून गाव समजून घेतला असता, तर मसुद्यात बरंच काही आलं असतं.

पालघर जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेतल्या सरांचं म्हणणं इथे नोंदवायला हवं. त्यांच्या वर्गात बहुतेक मुलं वारली. पुस्तकात वारली चित्रकला येते, अभिमानानं येते. पण वनहक्क, स्थलांतर, वीटभट्टी हे विषय मुलांच्या घरात रोज असतात आणि पुस्तकात क्वचित. पाड्यावरची जमीन कोणाच्या नावावर, दावा कुठे अडला, हे सातवीतलं मूल ऐकत मोठं होतं. सरांना वाटतं, 2006 च्या वनहक्क कायद्यावर एक साधा पाठ असावा, ग्रामसभेच्या ठरावाच्या नमुन्यासह. अधिकृत कागद वाचता येणं हे त्या मुलांसाठी फार मोठं नागरिकशास्त्र आहे. ही सूचना त्यांनी मसुद्यावर पाठवली. तिचं काय झालं हे त्यांना कोणी कळवलेलं नाही.

वेळापत्रकातली एक गोष्टही शिक्षकांनीच मला दाखवली. 2025-26 मध्ये सातवीत असलेली मुलं पुढच्या वर्षी आठवीचं जुनंच पुस्तक शिकतील आणि 2027-28 मध्ये एकदम नव्या नववीत जातील. सहावी ते आठवीची नवी एकात्मिक मांडणी त्यांनी पाहिलेलीच नसेल, आणि नववीची नवी पुस्तकं ती पाहिली आहे असं धरून लिहिली जातील. ही राज्यभरची एक संपूर्ण तुकडी आहे. बीडच्या सरांनी आपल्या सातवीच्या मुलांसाठी दोन उन्हाळी सुट्ट्यांत घ्यायच्या पाठांची यादी आत्ताच करून ठेवली आहे, स्वतःच्या हातानं, पाठकोऱ्या कागदांवर.

सांगलीच्या बाईंनी मसुद्यावर एकच सूचना पाठवली. सहावीच्या वर्षभराच्या तासिकांपैकी दहा तासिकांपुढे काहीही छापू नये. त्यांत काय शिकवायचं ते गाव आणि शिक्षक मिळून ठरवतील. त्या दहा तासिका मिळाल्या तर काय करायचं हे त्यांचं ठरलेलं आहे: गावच्या नळपाणी योजनेचं दप्तर ग्रामपंचायतीतून मागून आणायचं, कोणत्या वर्षी कोणत्या वस्तीला पाणी पोहोचलं ते मुलांकडून नकाशावर भरून घ्यायचं, आणि जिथे सगळ्यांत उशिरा पोहोचलं तिथे मुलांना घेऊन जाऊन का ते विचारायचं. ग्रामसेवकांशी त्या बोलून आल्या आहेत. दप्तर द्यायला ते तयार आहेत.